पडायचं नाही, झेलायचं

पोहायला शिकवणारा माणूस पहिल्या दिवशी काय शिकवतो? हात मारायला नाही, पाय मारायलाही नाही. तो तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात उभं करतो, तोंड बुडवायला लावतो आणि म्हणतो, बुडबुडे काढा. म्हणजे श्वास सोडायला शिकवतो. टँगो नाच शिकायला गेलात तर पहिल्या दिवशी चालायला शिकवतात. साधं, सरळ चालायला, फक्त समोरच्याच्या मिठीत राहून.

आणि ज्युदोच्या वर्गात? पडायला.

चाळिशी ओलांडल्यावर नवा खेळ निवडायचा म्हटलं की आपण विचारतो: वजन किती उतरेल, गुडघ्यांना झेपेल का, वर्ग घरापासून किती लांब आहे. प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा असं मला आता वाटतं. या खेळाचा पहिला धडा कोणता? शरीराच्या कुठल्या जुन्या सवयीला हा खेळ हात घालणार आहे, ते त्या धड्यात उघड होतं. बुडबुडे काढणारा माणूस पाण्याच्या भीतीला हात घालत असतो. मिठीत चालणारा माणूस, आपण एकटेच चालतो या समजुतीला. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ज्युदो निवडलं ते केवळ पहिल्या धड्यासाठी. पुढचा दीड महिना मी आठवड्यातून तीन संध्याकाळी फक्त पडत होते, आणि त्या दीड महिन्यात पडण्याबद्दल जे कळलं ते चार लोकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

सुरुवात नारळापासून करू या. समजा 1.7 मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून, एक नारळ सोडला. जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी 21 किलोमीटरच्या आसपास असतो. आता तेवढीच लांब काठी उभी धरा आणि तिचं खालचं टोक न घसरता तिला कलंडू द्या. तिचं वरचं टोक कोणत्या वेगाने आपटेल? नारळाच्याच? नाही. ताशी सुमारे 25 किलोमीटर! मोकळ्या पडणाऱ्या नारळापेक्षाही जास्त.

हे कसं काय? हात धरून साखळी करणारी आणि गोल गोल फिरणारी मुलं आठवा. मधलं पोर जागच्या जागी फिरत असतं आणि टोकाचं पोर जीव खाऊन पळत असतं. काठीचंही तसंच. ती एकसंध ताठ असल्यामुळे खालच्या भागाच्या पडण्यातली शक्तीसुद्धा वरच्या टोकाच्या वाट्याला येते. माणूस घाबरून ताठ झाला आणि ओंडक्यासारखा मागे कोसळला, तर ते टोक म्हणजे त्याचं डोकं. ताठ राहणं म्हणजे स्वतःच्या डोक्याला जास्तीचा वेग देणं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आणि या सगळ्याला वेळ किती लागतो? तोल गेल्यापासून जमीन लागेपर्यंत जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. ‘अरे, मी पडतेय’ हा विचार मनात पूर्ण उमटेपर्यंत त्यातला बराच काळ संपलेला असतो. म्हणून निसर्गाने हे काम विचारावर सोडलेलंच नाही. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला पोटाशी धरून अचानक डोक्याकडून खाली झुकवलं, की ते दोन्ही हात पुढे पसरतं. त्याला चालता येत नसतं, पडणं म्हणजे काय हेही ठाऊक नसतं, तरी हात तयार! उभं राहण्याच्या आधीच शरीराने पडण्याची सोय करून ठेवलेली असते. ही प्रतिक्रिया आपल्याला जन्मभर सोबत करते.

रांगणाऱ्या बाळाला ती वाचवते, कारण त्याची उंची वीतभर आणि वजन आठ-नऊ किलो. साठ-सत्तर किलोचा माणूस तेच करतो तेव्हा सगळा भार ताठ हातावरून थेट मनगटावर येतो आणि हाड मोडतं. इतकं ठरलेलं, इतकं नेमक्या जागी, की अब्राहम कॉलीस या आयरिश शल्यचिकित्सकाने 1814 साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं. क्ष-किरणांचा शोध 1895 चा. म्हणजे आतलं हाड दिसण्याची काहीही सोय नसताना, केवळ वरच्या आकारावरून आणि बोटांनी चाचपून, आत काय झालं असेल ते त्याने ओळखलं. मनगटाच्या त्या अस्थिभंगाला आजही त्याचंच नाव आहे.

तर ज्युदोचा पहिला धडा काय करतो? माणसाच्या या जन्मजात प्रतिक्रियेच्या जागी दुसरी बसवतो.

मागे पडायचा धडा असा. आधी उकिडवं बसा, म्हणजे पडायची उंचीच निम्म्याहून कमी होते. हनुवटी छातीला लावा आणि पोटावरच्या पट्ट्याच्या गाठीकडे बघा. पाठ गोल करा, डोलणाऱ्या आरामखुर्चीच्या पायांसारखी. आता मागे जा. आधी कुल्ले टेकतात, मग कंबर, मग पाठ, आणि पाठ टेकायच्या क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, गादीवर फाडकन आपटायचे. डोकं टेकतच नाही. मान तेवढी उचललेली राहायला हवी, आणि नवखा माणूस नेमकं तेच विसरतो. माझ्या शेजारी दहा वर्षांची एक मुलगी होती, माझ्याहून वर्षभर सीनियर. मी मागे जायला लागले की ती न चुकता ओरडायची, “काकू, हनुवटी!”

तो फाडकन आवाज मला आधी निव्वळ रुबाब वाटला होता. पण त्याच्यात भौतिकशास्त्र भरलेलं आहे. क्रिकेटचा जोरात आलेला चेंडू तुम्ही कसा झेलता? हात ताठ ठेवलात तर बोटं सुजतात. हात चेंडूबरोबर मागे नेलेत तर तोच चेंडू अलगद विसावतो. चेंडूचा वेग तोच, तो थांबवायचाही तितकाच. फरक एवढाच की थांबायला जागा जास्त मिळाली. एक सेंटिमीटरमध्ये थांबण्याऐवजी दहा सेंटिमीटरमध्ये थांबलात तर बसणारा सरासरी मार दहापट कमी होतो. गोल पाठ हेच करते: जमीन एकदम लागत नाही, हप्त्याहप्त्याने लागते. आणि हात आपटल्यामुळे टेकणारी जागा वाढते, धडावर येणाऱ्या धक्क्यातला काही वाटा दोन लांब हात उचलतात. शिवाय एक गोष्ट आपोआप साधते. आपटायच्या कामाला जुंपलेले हात मागे टेकू द्यायला जाऊच शकत नाहीत! जुन्या सवयीला नुसतं ‘नको’ म्हणून ती ऐकत नाही, हे ओळखून कुणीतरी तिच्या हातांना दुसरं काम लावून दिलं आहे.

या पडण्याला जपानी भाषेत ‘उकेमी’ म्हणतात. मी त्याचा अर्थ ‘पडणं’ असा धरून चालले होते. पण त्यातल्या ‘उके’चा अर्थ आहे घेणं, स्वीकारणं आणि ‘मी’ म्हणजे शरीर. अंगाने झेलणं! चेंडू झेलावा तसा इथे माणूस जमिनीला झेलतो. ज्याला फेकलं जातं त्यालाही ‘उके’च म्हणतात, म्हणजे झेलणारा. हरलेला, आपटलेला असा कुठलाही वास त्या शब्दाला नाही.

दीड महिन्यात ही नवी सवय बसते कुठे? डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, अनुमस्तिष्क नावाचा लहान मेंदू असतो. वजनाने अख्ख्या मेंदूचा साधारण दहावा हिस्सा. आपल्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. त्यांतल्या किती या दहाव्या हिश्श्यात असाव्यात? सुमारे 69 अब्ज! आपण ज्याला विचार म्हणतो त्या कामापेक्षा कितीतरी जास्त पेशी हालचाल नेमकी करण्याच्या कामात गुंतलेल्या या भागात आहेत. हालचाल ठरवल्यासारखी झाली की नाही, हे तो क्षणोक्षणी ताडून पाहतो आणि चूक झाली की पुढच्या वेळी किंचित बदल करतो. म्हणून एका संध्याकाळी चाळीस वेळा पडायचं असतं. समजून घ्यायला एकदा पुरतं, पण लहान मेंदू समजुतीवर चालत नाही, गिरवण्यावर चालतो. अक्षर घोटून घेतात ना, तसंच.

त्याला खबर पुरवणारं यंत्र तर आणखी अद्भुत आहे. ते आहे कानात. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, एकमेकींशी जवळजवळ काटकोनात, जशा खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात. डोकं कुठेही वळलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो आणि वळल्याची बातमी मेंदूला जाते. शेजारीच एक चिकट पापुद्रा असतो आणि त्यावर बारीक स्फटिक पसरलेले असतात. कशाचे? कॅल्शियम कार्बोनेटचे. म्हणजे चुनखडीचे! डोकं कललं की हे कण आपल्या वजनाने सरकतात आणि वर कुठे, खाली कुठे ते कळतं. अंधाऱ्या जिन्यातही आपण सरळ उभे राहू शकतो त्यात कानातल्या या चिमूटभर चुनखडीचा मोठा वाटा आहे.

हा खेळ कुणाच्या डोक्यातून आला ती कथाही सांगण्यासारखी. कानो जिगोरो यांचा जन्म 1860 चा. अंगाने किरकोळ, अभ्यासात हुशार, आणि वसतिगृहातल्या दांडग्या मुलांचा मार खाणारा मुलगा. त्याला जुजुत्सु, म्हणजे जपानची जुनी झोंबीची विद्या, शिकायची होती. पण जपानमध्ये सामुराईंचा जमाना संपला होता, ती विद्या जुनाट ठरली होती आणि शिकवणारे सापडत नव्हते. मग या मुलाने काय केलं? तो हाडवैद्यांच्या पाट्या शोधत हिंडू लागला! जुजुत्सुचे कितीतरी उस्ताद पोटासाठी हाडं बसवण्याच्या धंद्यात शिरले होते, हे त्याच्या कानावर आलं होतं. आपल्याकडेही हाड बसवायला लोक तालमीतल्या वस्तादाकडेच जात आले आहेत. जो हाडं निखळवायला शिकतो तोच ती बसवायलाही शिकतो, इथेही आणि तिथेही.

असा शोध घेत 1877 मध्ये त्याला फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले. एकदा फुकुदांनी त्याला फेकलं. कानोने विचारलं, हात कुठे होता, पाय कसा टाकलात? उत्तर म्हणून त्यांनी त्याला पुन्हा फेकलं. त्याने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा फेकलं. इतक्यांदा फेकल्यावर कळेलच, असं त्यांचं म्हणणं. कानोला हे पुरलं नाही, आणि ते पुरलं नाही म्हणून आज आपल्याला ज्युदो मिळालं आहे. हात कुठे होता, का होता, नेमक्या कुठल्या क्षणी होता, याची उत्तरं त्याने स्वतः शोधली. 1882 मध्ये, ऐन विशीत, टोकियोतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्याने आपली शाळा काढली: कोदोकान. चटई म्हणजे जपानी तातामी, साधारण सहा फूट बाय तीन फूट. बारा चटया म्हणजे आपल्याकडची बऱ्यापैकी मोठी एक खोली, बस्स. 1964 मध्ये तोच खेळ ऑलिंपिकमध्ये पोचला.

कानो आपलं तत्त्व साध्या बेरजेने समजावत. समजा समोरच्याची ताकद 10 आणि माझी 7. त्याने ढकललं आणि मी विरोध केला तर मी हरणार. पण त्याने ढकलल्यावर मी तेवढीच मागे सरले, आणि माझा तोल मात्र राखला तर? त्याचा जोर पोकळीत जातो, तो पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. त्या क्षणी त्याची ताकद 10 नसते, समजा 3 असते. माझी मात्र 7 च असते! आता मला माझी पूर्ण ताकदही लागणार नाही. ‘जु’ म्हणजे मऊपणा, नमतं घेणं, आणि ‘दो’ म्हणजे मार्ग.

तोल गेलेला माणूस खरंच इतका दुबळा होतो? वाचन बाजूला ठेवून खुर्चीवर ताठ टेकून बसा, पाय समोर जमिनीवर. घरातल्या कुणाला तरी तुमच्या कपाळावर एक बोट टेकवून ठेवायला सांगा. आता उठा. उठता येत नाही! एका बोटाने तुम्हाला रोखलंय. कारण उठायला ताकदीच्या आधी डोकं पुढे न्यावं लागतं, शरीराचा भार पावलांवर आणावा लागतो, आणि त्या वाटेत ते बोट आहे. किंवा भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायापाशी पडलेला रुमाल उचलून बघा. पैलवानालाही जमणार नाही. वाकताना आपण नकळत कंबर मागे नेतो, आणि भिंत ती नेऊ देत नाही. नेलीच नाही तर सगळा भार पावलांच्या पुढे जातो.

पावलांनी व्यापलेली ती टीचभर जागा, तिच्याबाहेर भार गेला की खेळ संपला. ज्युदोतली प्रत्येक फेक याच क्षणापासून सुरू होते. त्याला ‘कुझुशी’ म्हणतात, म्हणजे तोल मोडणं. पाय, कंबर, खांदा ही पुढची कामं. शेवाळलेल्या फरशीवर आपला पाय घसरतो तो कधी? पाऊल नीट टेकल्यावर नाही, ते टेकता टेकता, भार त्याच्यावर निम्मा आलेला असताना. ज्युदोत समोरच्याच्या पायाला तळपायाने झाडून टाकण्याची एक फेक आहे, तिची वेळ बरोब्बर तीच. आमचे सर तो पाय इतक्या हळुवारपणे सरकवतात, जणू केरसुणीने पान लोटलं. आणि माणूस आडवा!

हे आपल्याला परकं आहे असं मुळीच समजू नका. ज्युदोतली ‘सेओइ नागे’ बघा: समोरच्याचा हात धरायचा, वळून त्याला पाठ द्यायची, त्याच्या भाराखाली शिरायचं आणि खांद्यावरून पुढे आपटायचं. आमच्या वर्गात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उत्स्फूर्तपणे म्हणाले, “धोबीपछाड!” अगदी तीच. दगडावर कपडा आपटणाऱ्या धोब्याला पाहून कुस्तीने जे नाव दिलं, त्याच डावाला जपान्यांनी ‘पाठीवर घेऊन फेकणं’ म्हटलं. माणसाला दोन हात, दोन पाय, एक कंबर. त्याला पाडायच्या वाटा शेवटी त्याच निघणार. आणि ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली आखाड्यातली लाल माती ही तरी दुसरं काय करते? तीही पडणाऱ्याला थांबायला जास्त जागाच देते.

एक दुवा आणखी आहे. रवींद्रनाथांनी 1929 मध्ये ताकागाकी शिन्झो या ज्युदो शिक्षकांना जपानहून शांतिनिकेतनात आणलं होतं, आणि तिथे मुलीसुद्धा ज्युदो शिकत होत्या. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, साडीतल्या मुलींच्या जगात, पडायचा हाच धडा!

मग तोल समजून घ्यायला लढाईच हवी का? नको. टँगोची जोडी हेच करते, फक्त उलट्या हेतूने. समोरच्याचा भार या क्षणी कुठल्या पायावर आहे हे छातीच्या स्पर्शातून ओळखायचं आणि मोकळा पाय जिकडे जाऊ शकेल तिकडे वाट द्यायची. जे ज्ञान एकाला पाडायला वापरतो तेच दुसरा चालवायला वापरतो. आणि फुगडी? दोघी हात धरून मागे रेलतात तेव्हा एकीचाही भार स्वतःच्या पावलांवर नसतो. दोघींचा मिळून एकच तोल, तो दोघींच्या मधल्या रिकाम्या हवेत. एकीने हात सोडला तर दोघी पडणार. मंगळागौरीला आपण हे हसत खेळत करतो, आणि त्यात केवढं विज्ञान फिरत असतं!

तेव्हा वर्ग निवडायला जाल तेव्हा माझं ऐका आणि पहिल्या दिवशी नुसतं बाकावर बसून बघा. निष्णात लोकांकडे बघू नका, नवख्याकडे बघा. त्याला काय शिकवतात, किती वेळ शिकवतात, चुकल्यावर काय करतात. ज्युदोच्या वर्गात नवख्याला पडायला न शिकवता फेकू लागले तर तिथून उठून या. आणि हाडं ठिसूळ असतील किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरच्या फरशीवर हे करून बघू नका. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी बाजूला पडतानाचा खुब्याच्या हाडावरचा आघात मोजला आहे. अशा खेळांतल्या पडण्याच्या पद्धतीने तो चांगलाच कमी होतो असं त्यांना दिसलं, आणि वयस्क माणसांना हे शिकवता येईल का यावर त्यांनी कामही केलं. ते वाचलं तेव्हा मला माझ्या आईचं मोडलेलं खुब्याचं हाड आठवलं. सत्तर वर्षांत तिला चालायला, पळायला, नाचायला शिकवणारं कुणी ना कुणी भेटलं होतं. पडायला शिकवणारं कुणीच भेटलं नव्हतं.

दीड महिन्यानंतर सरांनी मला पहिल्यांदा फेकलं. कमरेवरून, पूर्ण वर उचलून. छत दिसलं, दिवा दिसला, आणि हात माझ्या नकळत गादीवर आपटला. कुठेही दुखलं नाही. उठून बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी बाकावर बसून इतके दिवस पाहताना दिसली नव्हती. मी हवेत असताना सरांनी माझी उजवी बाही सोडलेली नव्हती. उलट अगदी शेवटच्या क्षणी ती जराशी वर ओढली होती, माझं डोकं उंच राहावं म्हणून. नंतर बघितलं तर वर्गात सगळेच तसं करत होते. दहा वर्षांची ती मुलगीसुद्धा आपल्याहून मोठ्या मुलाला धाडकन फेकत होती आणि त्याची बाही मुठीत घट्ट धरून, तो नीट टेकेपर्यंत, वर खेचून ठेवत होती.